टेलिफोनवरचा राष्ट्राध्यक्ष

९ ऑगस्ट १९६४, रविवार. व्हाइट हाउसमधून एका कपडे कंपनीच्या जो हॅगर यांना फोन लागतो. फोन करणारे आहेत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन बेन्स जॉन्सन आणि त्यांना उन्हाळ्यात घालायला हलक्या पँटी हव्या आहेत. खिसे इंचभर खोल करा, खाली बसलं की सुटे पैसे आणि चाकू बाहेर पडतात. कमरेत सैल ठेवा, माझं वजन दहा-पंधरा पौंडांनी वरखाली होत असतं. मग मांड्यांमध्ये नेमकं कुठे काचतं आणि तिथे किती कापड जास्त सोडायचं, हे ते कसलाही आडपडदा न ठेवता सांगतात. बोलता बोलता एक सणसणीत ढेकर येते. तीही नोंदली गेली आहे.

या फोनच्या दोन दिवस आधी अमेरिकेच्या काँग्रेसने टोंकिनच्या आखाताचा ठराव मंजूर केला होता. सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २, प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य. व्हिएतनाममध्ये हवी तशी लष्करी कारवाई करण्याची मोकळीक राष्ट्राध्यक्षाला देणारा हा ठराव. पँटींच्या फोननंतर दुसऱ्याच दिवशी, १० ऑगस्टला, जॉन्सननी त्यावर सही केली. पँटींची ऑर्डर आणि युद्धाची तयारी, दोन्हींचे आवाज एकाच कपाटात जपलेले आहेत. राज्यकर्त्याचा एवढा सलग, एवढा उघडा आवाज इतिहासकारांच्या हाती त्याआधी कधी लागला नव्हता. अधिकृत चरित्रात पँटी येत नाहीत आणि भाषणांच्या संग्रहात शंका येत नाहीत. टेलिफोनवर दोन्ही येतात.

जॉन्सनना फोनची जी सवय होती तिला व्यसनच म्हणावं लागेल. बिछान्याशी फोन, न्हाणीघरात फोन, टेक्सासमधल्या रँचवर फोन, गाडीत फोन. सिनेटमध्ये बहुमताचे नेते असतानाच त्यांची ख्याती झाली होती, की समोरच्याचं मन वळवायचं असेल तर हा माणूस त्याच्या अंगावर झुकून, दंडाला धरून, नाकाला नाक भिडवून बोलतो. फोनवर दंड धरता येत नाही. पण आर्जव, धाक, लाडीगोडी आणि जुन्या उपकारांची आठवण ही बाकीची सगळी हत्यारं तारेतून जातात आणि ती त्यांनी पुरेपूर वापरली.

ध्वनिमुद्रणाची व्यवस्था त्या काळातल्या कचेऱ्यांत असायची तशीच होती. डिक्टाफोन कंपनीच्या यंत्रावर प्लास्टिकचा एक पातळ, रुंद पट्टा चढवायचा आणि यंत्राची सुई त्यावर आवाजाची चर उमटवत जायची. साहेबांनी मजकूर सांगायचा, टायपिस्टने नंतर ऐकून उतरवायचा, यासाठी ते यंत्र बनलेलं. एका पट्ट्यावर पाव तास मावायचा. कुठला फोन मुद्रित करायचा ते जॉन्सन ठरवायचे. हवेत बोट गोल फिरवलं की सेक्रेटरी यंत्र सुरू करायची, असं त्यांच्यासोबत काम केलेले लोक सांगत. पलीकडच्या माणसाला बहुतेक वेळा काहीच कल्पना नसे. आज या संग्रहात टेलिफोनवरच्या संभाषणांचे सुमारे ६४३ तास आहेत.

या आवाजांच्या जोडीला कागद आहेत. सेक्रेटरी रोजनिशी ठेवत, म्हणजे दिवसभराचा छापील तक्ता. कितीला आत, कितीला बाहेर, फोन कुणाकडून आला की कुणाला केला, स्थानिक की लांब पल्ल्याचा, भेटायला कोण आलं. जेवण किती वाजता झालं आणि दुपारी डुलकी किती वाजता काढली, तेही. पट्ट्यावरच्या आवाजाला तारीख नसते, वेळ नसते, पलीकडच्या माणसाचं नाव नसतं. ते सगळं या तक्त्यातून लागतं. रोजनिशी नसती तर पट्टा नुसता आवाज राहिला असता आणि पट्टा नसता तर रोजनिशी नुसती नावांची यादी. अभिलेखागारात काम करणाऱ्यांना हे पुरतं ठाऊक असतं. बाहेरच्यांना मात्र ध्वनिफीत म्हणजे आयता पुरावा वाटतो. तो आयता नसतो. टेक्सासची लांबट बोली, पट्ट्यावरची खरखर, दोघांनी एकदम बोलणं. उतरवून घेणाऱ्या एका सेक्रेटरीच्या कानाला पाकिस्तानच्या राजदूताचा उल्लेख चक्क शिवीसारखा ऐकू आला आणि तिने तो तसाच टंकित केला. म्हणूनच व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मिलर सेंटरमधले अभ्यासक १९९८ पासून हे संवाद पुन:पुन्हा ऐकून, एकमेकांचं तपासून उतरवत आले आहेत.

२२ जानेवारी १९७३ रोजी जॉन्सन गेले, वयाच्या ६४व्या वर्षी. आठवडाभरात त्यांच्या विश्वासातल्या सहायक मिल्ड्रेड स्टेगॉल यांनी पट्ट्यांची खोकी ऑस्टिनमधल्या जॉन्सन ग्रंथालयाच्या ताब्यात दिली. सोबत साहेबांची सूचना होती : माझ्या मृत्यूनंतर पन्नास वर्षं हे उघडायचं नाही. म्हणजे २०२३ पर्यंत. ती सूचना अक्षरश: पाळली असती तर व्हिएतनामहून परतलेल्या कित्येक सैनिकांना हे आवाज कानावर न पडताच जगाचा निरोप घ्यावा लागला असता.

तसं झालं नाही. ग्रंथालयाचे संचालक हॅरी मिडलटन यांच्यापुढे दोन अडचणी उभ्या राहिल्या. पहिली साधी होती. प्लास्टिकचे पट्टे पन्नास वर्षं तग धरतील याचा भरवसा नव्हता. दुसरी कायद्याची. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या खुनाशी संबंधित सगळे दस्तऐवज उघडे करण्याचा कायदा १९९२ मध्ये झाला आणि जॉन्सनच्या पहिल्या काही आठवड्यांतले फोन त्याच्या कक्षेत आले. मिडलटन यांनी ठरवलं, की उघडायचंच आहे तर सगळंच क्रमाने उघडू. जॉन्सन यांच्या पत्नी लेडी बर्ड यांनी त्याला संमती दिली. १९९३ पासून टप्प्याटप्प्याने संवाद बाहेर येऊ लागले आणि हे काम पुढची पंधरा वर्षं चाललं. दिवंगत धन्याची आज्ञा मोडण्याचा हा निर्णय माझ्या मते अमेरिकेच्या अभिलेखांच्या इतिहासातल्या उत्तम निर्णयांपैकी एक आहे. मिडलटन हे जॉन्सनचे जुने भाषणलेखक होते आणि त्यांचा साहेबांवर जीव होता, हे लक्षात घेतलं की त्या निर्णयाची किंमत कळते.

आता पत्रांकडे वळू, कारण जॉन्सनची राष्ट्राध्यक्षपदाची कारकीर्द पत्रांनीच सुरू झाली. २२ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी डॅलसहून विमान वॉशिंग्टनला उतरलं. त्यात केनेडींची शवपेटी होती आणि त्याच विमानात काही तासांपूर्वी शपथ घेतलेले जॉन्सन होते. कार्यालयात पोचल्यावर त्या गोंधळात वेळ काढून त्यांनी दोन पत्रं लिहिली. एक केनेडींचा मुलगा जॉन याला, जो तीन दिवसांनी तीन वर्षांचा होणार होता. दुसरं मुलगी कॅरोलिनला, जिला सहावं वर्ष पूर्ण व्हायचं होतं. तुझे वडील किती मोठे होते हे तुला समजायला बरीच वर्षं जावी लागतील, असं जॉनच्या पत्रात आहे. वाचता न येणाऱ्या मुलाला लिहिलेलं हे पत्र अर्थातच मोठेपणी वाचण्यासाठी होतं. चार दिवसांनी जॅकलिन केनेडी यांनी जॉन्सनना स्वहस्ते लांब पत्र लिहिलं. नवऱ्याच्या शवपेटीमागून चालल्याबद्दल त्यांनी आभार मानले आणि मुलांना लिहिलेल्या पत्रांबद्दल त्याहून जास्त.

एरवी जॉन्सन पत्रं लिहिणारे गृहस्थ नव्हते. तरुणपणी मात्र त्यांनी ती भरभरून लिहिली. १९३४ च्या सप्टेंबरात लेडी बर्डशी ओळख झाली आणि नोव्हेंबरात लग्न. मधल्या अडीच महिन्यांत वॉशिंग्टन आणि टेक्सास यांच्या दरम्यान दोघांची मिळून नव्वदच्या आसपास पत्रं गेली-आली. ती ग्रंथालयाने २०१३ च्या व्हॅलेंटाइन दिनी खुली केली. त्यात जॉन्सन उतावीळ आहेत, ती सावध आहे. पत्र आलं नाही म्हणून रुसवे आहेत. राजकारणात अंगी बाणत गेली ती मात्र उलटी सवय : महत्त्वाचं काहीही कागदावर ठेवायचं नाही. त्यामुळे जॉन्सनचे चरित्रकार रॉबर्ट कॅरो यांच्यासारख्या माणसाला ऑस्टिनच्या वाचनकक्षात वर्षानुवर्षं एकेक खोकं, एकेक पान उलटावं लागलं. तिथेच त्यांना ऑक्टोबर १९४० चा पत्रव्यवहार मिळाला. टेक्सासचे बांधकाम कंत्राटदार जॉर्ज ब्राउन धनादेश पोचले का म्हणून विचारतात आणि तरुण खासदार जॉन्सन कळवतात, की तुम्ही ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्या सगळ्यांकडून आलं. कंत्राटदारांचा पैसा इतर खासदारांच्या निवडणुकीत फिरवून हा नवखा माणूस वॉशिंग्टनमध्ये एकाएकी वजनदार कसा झाला, या कोड्याची किल्ली त्या दोन-चार ओळींत होती. नंतर जॉन्सननी असले कागद निर्माण होऊ दिले नाहीत. ते फोन उचलायचे.

फोनवरचे जॉन्सन कसे होते हे समजून घ्यायचं तर २९ नोव्हेंबर १९६३ च्या रात्रीचा संवाद ऐकावा. केनेडींच्या खुनाच्या चौकशीसाठी सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमायचा होता. त्यावर जॉन्सनना सिनेटर रिचर्ड रसेल हवे होते. जॉर्जियाचे रसेल म्हणजे त्यांचे राजकारणातले गुरू, आणि वॉरन तर रसेलना डोळ्यांसमोर नकोत. दुपारच्या फोनवर रसेलनी अंग काढून घेतलं होतं. रात्री जॉन्सननी फोन करून सांगितलं, की तुमचं नाव जाहीर झालंसुद्धा. रसेल संतापतात, तब्येतीचं कारण सांगतात, वॉरन आपल्याला पसंत नाहीत म्हणतात. जॉन्सन आधी देशाची शपथ घालतात. मग ख्रुश्चेव्ह आणि कॅस्ट्रो यांच्यावर संशय वाढला तर तासाभरात चार कोटी अमेरिकन मरतील असं युद्ध भडकेल, हे सुनावतात. मग आवाज एकदम खाली येतो आणि जुन्या स्नेहाची भाषा सुरू होते. रसेल आयोगावर गेले. चार भिंतींआडचं राजकारण कसं चालतं याबद्दल आपण अंदाज बांधत असतो. इथे ते एका बैठकीत ऐकायला मिळतं.

याच रसेलना जॉन्सननी २७ मे १९६४ च्या सकाळी व्हिएतनामबद्दल विचारलं. हा संवाद मी या संग्रहातला सर्वांत महत्त्वाचा मानतो. त्या वेळी व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे सोळा हजारांच्या आसपास लष्करी सल्लागार होते. अजून मागे फिरता आलं असतं. रसेल स्वच्छ म्हणतात, की शिरायचं की निघायचं असा प्रश्न असेल तर मी निघेन, तो देश आपल्या दृष्टीने महत्त्वाचा नाहीच. जॉन्सन त्यांना खोडून काढत नाहीत. आपल्या घरी काम करणाऱ्या एका सार्जंटची गोष्ट ते सांगतात. त्याला सहा मुलं आहेत. सैन्य पाठवायचा विचार मनात आला की मी त्याचाच चेहरा डोळ्यांसमोर आणतो, या सहा मुलांच्या बापाला तिकडे पाठवून आपल्या हाती काय लागणार, असं त्यांचं म्हणणं. आणि लगेच पुढचा प्रश्न : पण पळ काढणाऱ्या राष्ट्राध्यक्षावर हे लोक महाभियोग चालवतील ना?

अर्ध्या तासात त्यांनी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांना फोन लावला. रात्रभर झोप लागली नाही, हे दुसरं कोरिया होणार असं दिसतंय, यासाठी लढावं असं मला वाटत नाही आणि यातून बाहेर पडता येईल असंही वाटत नाही, असं ते बोलले. बंडींनीही परिस्थिती भयंकर आहे हे मान्य केलं.

याच्यानंतर दहा आठवड्यांनी टोंकिनचं प्रकरण झालं. उत्तर व्हिएतनामने आमच्या जहाजावर विनाकारण हल्ला केला असं जनतेला सांगण्यात आलं. ३ ऑगस्टच्या फोनवर मात्र जॉन्सन माजी अर्थमंत्री रॉबर्ट अँडरसन यांना सांगतात, की त्या भागात आपल्या काही गुप्त कारवाया चालू होत्या, पूल वगैरे उडवणं चालू होतं. म्हणजे ठरावावर मत देणाऱ्या खासदारांना जे सांगितलं गेलं नाही, ते एका माजी मंत्र्याला सहज बोलण्याच्या ओघात सांगितलं गेलं. मार्च १९६५ मध्ये अमेरिकेचं पायदळ दा नांगच्या किनाऱ्यावर उतरलं. १९६८ मध्ये सैन्याचा आकडा पाच लाखांच्या वर गेला. अठ्ठावन्न हजारांहून जास्त अमेरिकन मेले. व्हिएतनामी मृतांची गणती लाखांत करावी लागते.

जॉन्सनच्या बाजूने एक युक्तिवाद अनेक वर्षं केला जायचा : सल्लागारांनी चुकीचं चित्र उभं केलं आणि भला माणूस फसला. २७ मेच्या दोन फोननंतर तो युक्तिवाद टिकत नाही. सार्जंटचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर होता, गुरूचा सल्ला कानांत होता, स्वत:चं मत तोंडावर होतं. तरी ते पुढे गेले, कारण माघारीची राजकीय किंमत मोजायची तयारी नव्हती. जाणूनबुजून केलेली ही चूक होती. एवढा कठोर निष्कर्ष पूर्वी नुसत्या कागदांवरून काढता आला नसता.

मात्र तेच पट्टे जॉन्सनच्या पदरात दुसरं मापही टाकतात. १५ जानेवारी १९६५ रोजी त्यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांना फोन केला. त्या दिवशी किंग ३६ वर्षांचे झाले. विषय कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचा. दक्षिणेत मतदार म्हणून नाव नोंदवायला गेलेल्या माणसाला अवघड परीक्षेत मुद्दाम नापास करत. जॉन्सन सुचवतात, की अलाबामा, मिसिसिपी किंवा लुइझियानातलं यातलं सर्वांत भयानक उदाहरण शोधा, ते रेडिओवर, दूरचित्रवाणीवर, चर्चमध्ये, सभेत सांगत राहा. मग ट्रॅक्टर चालवणारा साधा माणूसही म्हणेल, की हे काही बरोबर नाही. किंगही कच्चे नाहीत. १९६४ च्या निवडणुकीत जॉन्सनविरुद्ध उभ्या राहिलेल्या गोल्डवॉटरनी दक्षिणेत जी पाच राज्यं जिंकली तिथे नोंदणी झालेले कृष्णवर्णीय मतदार चाळीस टक्क्यांहून कमी होते, हे ते लक्षात आणून देतात. म्हणजे तुमचाही फायदा यातच आहे.

२०१४ मध्ये ‘सेल्मा’ हा चित्रपट आला तेव्हा या फोनवरून वाद पेटला. चित्रपटातले जॉन्सन किंगना अडवतात. जॉन्सनचे जुने सहायक जोसेफ कॅलिफानो यांनी लिहिलं, की अलाबामातल्या सेल्मा गावच्या मताधिकार आंदोलनाची कल्पना मुळात जॉन्सनचीच. फोन ऐकला तर दोन्ही बाजू ताणलेल्या वाटतात. जॉन्सन किंगना अडवत नाहीत हे उघड आहे. पण सेल्माचं नाव ते घेत नाहीत आणि सेल्मामधली किंग यांची मोहीम फोनच्या आधीच सुरू झाली होती. मार खायला रस्त्यावर उतरलेल्या लोकांचं श्रेय फोनवरच्या माणसाला देणं अन्यायाचं होईल. मताधिकाराचा कायदा ६ ऑगस्ट १९६५ रोजी झाला. त्यासाठी रस्ता आणि फोन दोन्ही लागले.

जॉन्सनच्या दप्तरात भारतही भरपूर आहे आणि तो मुख्यत: गव्हाच्या रूपाने. १९६५ आणि १९६६, लागोपाठ दोन वर्षं आपल्याकडे पावसाने दगा दिला. पी.एल. ४८० या अमेरिकी कायद्याखाली येणारं धान्य हा आधार होता. त्यातला गहू आणि तांबडा मिलो महाराष्ट्रातल्या रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पिढीला आजही आठवतो. जॉन्सननी दीर्घ मुदतीचा करार करायचं थांबवलं आणि थोडं थोडं धान्य स्वत:च्या संमतीने सोडायला सुरुवात केली. शेतीवर खर्च वाढवा, खतं आणि नवीन बियाणं आणा, अशी त्यांची अट होती. नोव्हेंबर १९६५ मध्ये रोममध्ये अमेरिकेचे कृषिमंत्री ऑरव्हिल फ्रीमन आणि आपले सी. सुब्रमण्यम यांच्यात तसा समझोता झाला. मार्च १९६६ मध्ये इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या तेव्हा जॉन्सन एवढे खूश झाले, की राजदूत बी. के. नेहरू यांच्या घरच्या स्वागत समारंभाला आलेले ते ठरलेलं नसताना जेवायलाही थांबले. पुढे इंदिराजींनी व्हिएतनामवरच्या बाँबफेकीवर टीका केली आणि तो उमाळा ओसरला. भुकेल्या देशाला जहाजागणिक ताटकळत ठेवणं हे अमानुष होतं, असं माझं मत आहे. त्या दबावाने आपल्या शेतीच्या धोरणाला वेग आला हेही खरं. कागद दोन्ही गोष्टींना साक्ष आहेत.

संग्रहातली सर्वांत नाट्यमय वस्तू एक लिफाफा आहे. १९६८ ची निवडणूक. जॉन्सन उभे नव्हते. डेमोक्रॅटिक पक्षाचे ह्यूबर्ट हम्फ्री आणि रिपब्लिकन रिचर्ड निक्सन यांच्यात सामना होता. ३१ ऑक्टोबरला जॉन्सननी उत्तर व्हिएतनामवरची बाँबफेक थांबवल्याचं जाहीर केलं आणि शांततेची बोलणी दृष्टिपथात आली. तेवढ्यात दक्षिण व्हिएतनामने अंग चोरलं. टेहळणीतून जॉन्सनना कळलं, की निक्सन यांच्या प्रचारात असलेल्या अॅना शेनॉल्ट या दक्षिण व्हिएतनामच्या वकिलातीला दम धरा, नंतर जास्त चांगलं मिळेल, असे निरोप देत आहेत. २ नोव्हेंबरच्या रात्री जॉन्सननी सिनेटमधले रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांना फोन केला आणि हा देशद्रोह आहे असं स्वच्छ शब्दांत सांगितलं. डर्कसननी ते नाकारलं नाही. दुसऱ्या दिवशी निक्सन स्वत: फोनवर आले आणि आपला याच्याशी काडीचाही संबंध नाही म्हणाले. ५ नोव्हेंबरला ते निवडून आले. माहिती मिळवण्याची साधनं गुप्त होती आणि निक्सन यांच्याविरुद्ध थेट पुरावा नव्हता, म्हणून जॉन्सननी तोंड बंद ठेवलं.

या प्रकरणाचे कागद जॉन्सनचे त्या वेळचे सुरक्षा सल्लागार वॉल्ट रोस्टॉव यांच्याकडे होते. जून १९७३ मध्ये, म्हणजे निक्सन यांच्या वॉटरगेट घोटाळ्याची चौकशी ऐन भरात असताना, त्यांनी ते एका लिफाफ्यात घातले, वर ‘एक्स’ असं अक्षर लिहिलं आणि जॉन्सन ग्रंथालयात मिडलटन यांच्या स्वाधीन केले. पन्नास वर्षांनी तेव्हाच्या संचालकाने एकट्याने तो उघडावा आणि त्याला योग्य वाटलं तर आणखी पन्नास वर्षं पुन्हा बंद करावा, असं सोबतच्या पत्रात होतं. १९९४ मध्ये तो उघडण्यात आला. तरीही निक्सन यांचा हात सिद्ध होत नव्हता. तो झाला वेगळ्याच ठिकाणी. निक्सन ग्रंथालयात त्यांचे निकटचे सहायक एच. आर. हॉल्डमन यांची हाताने खरडलेली टिपणं होती. चरित्रकार जॉन फॅरेल यांना त्यात २२ ऑक्टोबर १९६८ ची नोंद सापडली : शेनॉल्ट यांचं काम चालू ठेवा, बोलण्यांत खोडा घाला, असे निक्सन यांचे आदेश. फॅरेल यांनी ती २०१७ च्या सुमारास प्रसिद्ध केली. एका ग्रंथालयातला आवाज, तिथलाच एक लिफाफा आणि दुसऱ्या ग्रंथालयातलं टिपण जुळायला जवळजवळ अर्धशतक गेलं. शेनॉल्ट यांच्यामुळेच शांतता हुकली का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. निक्सन खोटं बोलले यावर आता वाद उरलेला नाही.

निक्सन यांनी १९६९ मध्ये व्हाइट हाउसमध्ये येताच जॉन्सनची यंत्रणा काढून टाकली आणि १९७१ मध्ये स्वत:ची बसवली. आवाज झाला की आपोआप सुरू होणारी. ३,७०० तासांचा तो साठा त्यांच्याच मुळावर आला. १६ जुलै १९७३ रोजी व्हाइट हाउसमधले माजी सहायक अलेक्झांडर बटरफिल्ड यांनी सिनेटच्या समितीपुढे या यंत्रणेचं अस्तित्व उघड केलं, २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फिती देण्याचा एकमुखी आदेश दिला आणि ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले. त्याच फितींत नोव्हेंबर १९७१ मध्ये, बांगलादेश युद्धाच्या तोंडावर, इंदिरा गांधींबद्दल निक्सन आणि त्यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर यांनी वापरलेली गलिच्छ भाषा आहे. ती २००५ मध्ये अमेरिकेच्याच परराष्ट्र खात्याने प्रसिद्ध केली, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे.

या सगळ्यातून कायदा आला. तोवर राष्ट्राध्यक्षाचे कागद ही त्याची खाजगी मालमत्ता समजली जाई. लिंकन यांच्या मुलाने वडिलांचे कागद स्वत:च्या मृत्यूनंतर २१ वर्षं बंद ठेवायला लावले आणि ते १९४७ मध्ये उघडले. हार्डिंग यांच्या विधवेने तर पुष्कळसे जाळूनच टाकले. १९७८ च्या कायद्याने ठरलं, की २० जानेवारी १९८१ पासून पदावर येणाऱ्या प्रत्येक राष्ट्राध्यक्षाचं सरकारी दप्तर जनतेच्या मालकीचं. निक्सननंतर मात्र असं सर्रास ध्वनिमुद्रण कुणी केलं नाही. आणि कायदा असला तरी नोंद व्हावी लागते. ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकी संसदेवर जमाव चालून गेला, त्या दिवशीच्या व्हाइट हाउसच्या फोन-नोंदीत ७ तास ३७ मिनिटांची पोकळी आहे. स्विचबोर्ड टाळून दुसऱ्याच्या मोबाइलवरून बोललं की तक्त्यात ओळ उमटत नाही.

जॉन्सनचे फोन मिलर सेंटरच्या संकेतस्थळावर मोफत ऐकता येतात, अनेकांसोबत उतरवलेला मजकूरही असतो. हॅगर यांच्या पँटींपासून सुरुवात करायचा मोह होईल, तो आवरा. आधी २७ मे १९६४ चा रसेल यांचा फोन ऐका, लगेच बंडी यांचा, आणि त्यानंतर ऑगस्टमधली जॉन्सनची दूरचित्रवाणीवरची भाषणं. क्रम बदलू नका.